रात्री बारा ते साडेपाच : डॅशबोर्डवरची तारीख कुठे घसरते आणि ती कशी बसवायची

डॅशबोर्डवरची रोजची विक्री रोजमेळाशी जुळत नाही, महिन्याची बेरीज मात्र जवळपास बरोबर येते, असे दिसले तर बिले हरवलेली नसतात. ती शेजारच्या तारखेत जाऊन बसलेली असतात.

क्लाउडवर चालणाऱ्या बहुतेक बिलिंग यंत्रणा वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर आधार धरल्या जाणाऱ्या मूळ प्रमाणवेळेत, साठवतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीच्या घड्याळात आदल्या दिवसाचे १८:३० झालेले असतात, आणि यूटीसीची तारीख उलटते ती आपल्या पहाटे साडेपाचला. मधल्या साडेपाच तासांत निघालेले प्रत्येक बिल यूटीसीच्या हिशेबाने कालचे. सकाळी नऊला उघडून रात्री आठला शटर ओढणाऱ्या फोंड्याच्या कापडदुकानाला हे कधी कळणारही नाही. हणजूणचा बार, पहाटे माल उचलणारा मडगावचा मासळी व्यापारी आणि मोपाला रात्रीच्या विमानांची भाडी मारणारा टॅक्सीवाला यांना मात्र ते रोज नडते.

आधी निदान

कोडला हात लावण्याआधी मागच्या महिन्याची सगळी बिले तासानुसार मोजून एक साधा स्तंभालेख काढा. ग्राहक कधी येतात हे तुम्हाला ठाऊक असतेच. समजा, रेस्टॉरंटची खरी गर्दी रात्री साडेआठला असते. आलेखात ती कुठे उभी राहते यावरून दोष कोणता ते कळते.

गर्दी दुपारी ३ वाजता दिसली, तर आकडे न बदललेल्या यूटीसीत आहेत. रात्री २ वाजता दिसली, तर साडेपाच तास दोनदा मिळवले गेलेत. बहुधा एकदा डेटाबेसमध्ये आणि पुन्हा डॅशबोर्डमध्ये. सकाळी साडेनऊला दिसली, तर मिळवायचे साडेपाच तास वजा झालेत. संध्याकाळी ५ वाजता दिसली, तर कुणीतरी वेळक्षेत्राच्या (टाइम झोनच्या) जागी नुसते ‘आयएसटी’ (भारतीय प्रमाणवेळेचा इंग्रजी संक्षेप) लिहिले आहे आणि डेटाबेसने ते इस्रायलची वेळ म्हणून वाचले आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मूळ सेटिंगमध्ये त्या तीन अक्षरांचा अर्थ तोच आहे.

दुकानासाठी याहून सोपी खूण आहे. म्हापशात किंवा पणजीत दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असेल, तर आलेखातही तेवढी रिकामी जागा दिसायला हवी. ती सकाळी साडेसात ते दहा अशी दिसली तर यूटीसी, संध्याकाळी साडेसहा ते नऊ अशी दिसली तर दुहेरी बदल. गर्दीचा उंचवटा पसरट असतो, बंद दुकानाची पोकळी धारदार असते. म्हणून पोकळी जास्त भरवशाची.

एका रात्रीची सहा बिले

कळंगुटच्या एका बारची ही काल्पनिक बिले पाहा. कंसात यूटीसी.

३१ डिसेंबर, रात्री १२:४० : २,९०० रुपये (३० डिसेंबर, १९:१०)
३१ डिसेंबर, रात्री ९:४० : ६,२०० रुपये (३१ डिसेंबर, १६:१०)
३१ डिसेंबर, रात्री ११:५० : ४,८०० रुपये (३१ डिसेंबर, १८:२०)
१ जानेवारी, रात्री १२:२५ : ९,५०० रुपये (३१ डिसेंबर, १८:५५)
१ जानेवारी, रात्री २:१० : ७,३०० रुपये (३१ डिसेंबर, २०:४०)
१ जानेवारी, दुपारी १:१५ : ३,१०० रुपये (१ जानेवारी, ०७:४५)

भारतीय कॅलेंडरप्रमाणे ३१ डिसेंबरची विक्री होते २,९०० + ६,२०० + ४,८०० = १३,९०० रुपये. यूटीसीप्रमाणे ती २७,८०० रुपये. आता मॅनेजरचा हिशेब बघा. त्याचा गल्ला पहाटे ४ वाजता बंद होतो. रात्री दोनचे बिल त्याच्या लेखी थर्टी फर्स्टचेच. त्याचा आकडाही २७,८०० रुपये.

या योगायोगाने बरेच जण फसतात. यूटीसीचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलत असल्याने रात्री चालणाऱ्या धंद्याला यूटीसीचा चुकीचा रिपोर्ट वर्षानुवर्षे बरोबर वाटतो. मग नवा डेव्हलपर येतो, प्रामाणिकपणे वेळक्षेत्र ‘सुधारतो’, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर सांगतो की डॅशबोर्ड बिघडला. दोघांचेही म्हणणे खरे असते. कारण प्रश्न दोन आहेत : घड्याळ कुठले, आणि दिवस कधी बदलतो. त्यांची उत्तरे वेगवेगळी ठरवावी लागतात.

दोन तारखा, दोन कॉलम

म्हणून विक्रीच्या प्रत्येक नोंदीसाठी दोन तारखा काढा. पहिली ‘बिल दिनांक’ : यूटीसी वेळ अधिक ५:३०, आणि त्यातली फक्त तारीख. दुसरी ‘व्यवहार दिनांक’ : तीच भारतीय वेळ, त्यातून दिवस बंद होण्याचा तास वजा, आणि मग तारीख. पहाटे ४ ला दिवस बंद होत असेल तर ४ तास वजा. ज्या हॉटेलात नाइट ऑडिटनंतर, म्हणजे दिवसाचे हिशेब रात्री बंद केल्यावर, यंत्रणा स्वतःच धंद्याची तारीख पुढे ढकलते, तिथे मात्र हे गणित करू नका. यंत्रणेने नोंदवलेली तारीखच घ्या. ऑडिट कधी दोनला होते, कधी साडेतीनला, आणि ठोकळ ४ तासांनी मधली बिले इकडची तिकडे होतात.

गल्ला, शिफ्ट, वेटरची टीप, मद्याचा खप यांचे रिपोर्ट व्यवहार दिनांकावर काढा. जीएसटीचे रिपोर्ट बिलावर छापलेल्या तारखेवरच चालतात, तिथे ४ तासांची सवलत नाही. वरच्या उदाहरणात ९,५०० आणि ७,३०० ची बिले जानेवारीच्या विवरणात जायला हवीत. यूटीसीच्या रिपोर्टवरून जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरण) भरला तर ती डिसेंबरमध्ये जातात. ३१ मार्चच्या रात्री हेच घडले तर आर्थिक वर्ष बदलते. दर बदलाच्या दिवशीही असाच घोटाळा होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्या मध्यरात्रीनंतर साडेपाचपर्यंत नव्या दराने निघालेली बिले यूटीसीच्या रिपोर्टमध्ये २१ तारखेखाली ५ टक्क्यांनी दिसतात, आणि सीएला वाटते की दर चुकीचा लागला.

हे दोन्ही कॉलम एकाच जागी बनवा, डेटाबेसमधल्या एका व्ह्यूमध्ये, म्हणजे टेबलासारख्या वापरता येणाऱ्या साठवलेल्या क्वेरीत. प्रत्येक चार्टच्या क्वेरीत साडेपाच तास मिळवत बसलात तर बारा चार्टांपैकी एकात ते विसरले जातील, आणि नेमका तोच चार्ट मालक पाहील.

डेटाबेसमध्ये काय लिहायचे

वेळक्षेत्राचे नाव नेहमी पूर्ण लिहा : एशिया/कोलकाता. कोडमध्ये ते रोमन अक्षरांत, मधे तिरकी रेघ देऊन लिहितात. तीन अक्षरी संक्षेप टाळा. कारण वर आलेच आहे.

पोस्टग्रेसमध्ये दोन प्रकारचे कॉलम भेटतात. ‘टाइमस्टँपटीझेड’ प्रकार नावात झोन असूनही झोन साठवत नाही, तो नेमका क्षण साठवतो. त्याच्यावर ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’ एकदा लावले की भारतीय वेळ मिळते. साध्या ‘टाइमस्टँप’ प्रकारावर तेच एकदा लावले तर उलटे घडते : डेटाबेस समजतो की साठवलेला आकडा आधीच भारतीय वेळ आहे, आणि साडेपाच तास वजा करून यूटीसीकडे नेतो. साडेनऊच्या सकाळी दिसणारी जेवणाची गर्दी बहुतेक वेळा इथूनच येते. अशा कॉलमवर ते दोनदा लावायचे असते. आधी ‘ॲट टाइम झोन यूटीसी’, म्हणजे हा आकडा यूटीसीचा आहे हे सांगून झाले. मग ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’.

पोस्टग्रेसमधला दुसरा सापळा चिन्हाचा. नावाच्या जागी ‘यूटीसी+५:३०’ लिहिले तर पोस्टग्रेस जुन्या पोसिक्स पद्धतीने अधिक चिन्ह ग्रिनिचच्या पश्चिमेकडे मोजतो, म्हणजे साडेपाच तास मागे जातो. एरर येत नाही. आकडे येतात, पण चुकीचे.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘टाइमस्टँप’ कॉलम साठवताना यूटीसीत जातो आणि वाचताना सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) वेळक्षेत्रात परततो. ‘डेटटाइम’ कॉलम जसा दिला तसा राहतो. त्यामुळे एकाच टेबलात दोन्ही प्रकार असले तर सेशनचे वेळक्षेत्र बदलताच एक हलतो आणि दुसरा जागचा हलत नाही. ‘कन्व्हर्ट टीझेड’ हे फंक्शन नावाने वापरायचे असेल तर सर्व्हरवर वेळक्षेत्रांची टेबले भरलेली असावी लागतात. ती नसली तर उत्तर ‘नल’ (रिकामे) येते आणि अख्खा चार्ट कोरा दिसतो. टेबले भरण्याची परवानगी नसेल तर +०५:३० हा आकडा वापरा. भारतासाठी तो चालतो, कारण इथे उन्हाळी वेळ नाही.

गुगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये टाइमस्टँपवरून तारीख काढताना दुसरा घटक म्हणून वेळक्षेत्र दिले नाही तर यूटीसी धरले जाते. काम एका शब्दाचे आहे, म्हणूनच ते राहून जाते.

फिल्टरच्या दोन कडा

जानेवारीचा फिल्टर ‘१ जानेवारी ते ३१ जानेवारी’ असा ‘बिट्वीन’ने लिहिला आणि कॉलममध्ये वेळ असली, तर ३१ तारखेचा फक्त मध्यरात्रीचा पहिला क्षण आत येतो, त्या दिवसाची सगळी विक्री बाहेर राहते. काहीजण त्यावर २३:५९:५९ असा शेवट देतात. मग शेवटच्या सेकंदाच्या अंशात पडलेले बिल गळते. बरोबर रीत एकच : सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. वेळ १ जानेवारी ००:०० इतकी किंवा तिच्यानंतरची, आणि १ फेब्रुवारी ००:०० च्या आधीची.

कॉलम यूटीसीत असेल तर त्या दोन कडा यूटीसीत न्या. भारतीय जानेवारी म्हणजे ३१ डिसेंबर १८:३० पासून ३१ जानेवारी १८:३० च्या आधीपर्यंत. कॉलमवर फंक्शन लावून तारीख काढण्याऐवजी कडा सरकवण्याचा आणखी एक फायदा आहे. कॉलमवर फंक्शन लावले की त्याच्यावरचा साधा इंडेक्स (ओळी चटकन शोधायची सूची) सहसा कामी येत नाही, आणि लाखो ओळींचे टेबल प्रत्येक क्लिकला पहिल्यापासून वाचले जाते.

ब्राउझर काय पाठवतो

डेटाबेस बरोबर आहे, तरी तारीख एकने मागे पडते? मग ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा आणि फिल्टरमध्ये १ जानेवारी २०२६ निवडा. निघालेल्या विनंतीत काय लिहिले आहे ते वाचा. तिथे ‘२०२६-०१-०१’ असेल तर ठीक. पण ‘२०२५-१२-३१’, पुढे १८:३०:०० आणि शेवटी झेड हे अक्षर दिसले, तर दोष सापडला. कॅलेंडरने इथली मध्यरात्र घेतली आणि जावास्क्रिप्टच्या ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ने ती यूटीसीत बदलली. हा क्षण चुकीचा नाही. पण सर्व्हरने त्यातली पहिली दहा अक्षरे तारीख म्हणून कापून घेतली की ३१ डिसेंबर हाती येतो. नोंदींमध्ये कुठेही १८:३० पुन्हा पुन्हा दिसू लागले की भारतातली मध्यरात्र यूटीसीत गेलेली आहे असे समजावे. तसेच ०५:३० पुन्हा पुन्हा दिसले की नुसत्या तारखेला कुणीतरी यूटीसीची मध्यरात्र मानून भारतीय वेळेत आणले आहे.

उपाय : फिल्टरने तारीख ही तारीख म्हणूनच, वेळेविना पाठवावी, आणि तिच्या कडा सर्व्हरवर काढाव्यात.

याच्या उलट एक दोष गोव्यात बसून कधीच दिसत नाही. जावास्क्रिप्ट ‘२०२६-०१-०१’ अशी नुसती तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचते. आपल्याकडे ती सकाळी साडेपाच होते, तारीख तीच राहते. न्यूयॉर्कमध्ये तीच ३१ डिसेंबरची संध्याकाळ. पाहुण्याने अमेरिकेतून बुकिंग उघडले की त्याचे चेक-इन एक दिवस आधीचे दिसते. चेक-इन, चेक-आउट, जन्मतारीख, परवान्याची मुदत यांना वेळक्षेत्र नसते. या गोष्टी ‘डेट’ प्रकारच्या कॉलममध्ये ठेवा आणि त्यांच्यावर कुठलाच बदल लावू नका. चाचणी करताना लॅपटॉपचे वेळक्षेत्र न्यूयॉर्क करून तीच पाने एकदा पाहा.

‘आज’ आणि ‘काल’ कोणाचे

पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या साधनात, लॅपटॉपवरच्या डेस्कटॉपमध्ये, ‘टुडे’ इथली तारीख देते. रिपोर्ट प्रकाशित केला की सर्व्हिसमध्ये (ऑनलाइन आवृत्तीत) तेच यूटीसीची देते. ‘मागचे ७ दिवस’ हा सापेक्ष तारखेचा फिल्टरही यूटीसीवर चालतो. दिवसा फरक दिसत नाही, मध्यरात्रीनंतर दिसतो. मेजरमध्ये (रिपोर्टमधल्या सूत्रात) ‘नाऊ’ऐवजी ‘यूटीसीनाऊ’ घ्या आणि त्यात ५ तास ३० मिनिटे मिळवा, म्हणजे दोन्हीकडे एकच उत्तर येईल. पॉवर बीआयमध्ये डेटा आणणाऱ्या पॉवर क्वेरीत ‘डेटटाइमझोन’चे ‘यूटीसीनाऊ’ घेऊन ‘स्विचझोन’ला ५ आणि ३० द्या. त्यावरून तारखांच्या टेबलात ‘किती दिवसांपूर्वी’ असा कॉलम बनवला तर स्लायसर (रिपोर्टवरचा फिल्टर) त्याच्यावर बांधता येतो. फक्त तो कॉलम रिफ्रेशच्या वेळीच मोजला जातो, म्हणून रात्री १२ नंतर एक रिफ्रेश लावायला विसरू नका.

मेटाबेस या दुसऱ्या डॅशबोर्ड साधनात ॲडमिनच्या लोकलायझेशन भागात रिपोर्टचे वेळक्षेत्र ठरवता येते. ते एकदाच बसवा, पण साध्या ‘टाइमस्टँप’ प्रकारच्या कॉलमसाठी त्याच्यावर विसंबू नका. गुगल शीट्समध्ये प्रत्येक फाइलचे स्वतःचे वेळक्षेत्र असते. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये पाहा, विशेषतः फाइल परदेशातल्या कुणी बनवून पाठवली असेल तर. गुगल ॲनालिटिक्समध्ये वेळक्षेत्र बदलले तर ते पुढच्या आकड्यांना लागू होते, मागचे तसेच राहतात. तेव्हा बदलल्याची तारीख लिहून ठेवा.

ठरलेल्या वेळी मेलने जाणारे रिपोर्ट वेगळे तपासा. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि ‘कालची विक्री’ सकाळी ५ ला निघत असेल, तर त्या क्षणी यूटीसीमध्ये अजून कालचीच तारीख चालू असते. त्यामुळे मालकाला परवाची विक्री मिळते. तोच मेल ६ ला लावला की तारीख बरोबर दिसते. पण आतले आकडे तरीही यूटीसीच्या दिवसाचेच असतात, म्हणून वेळ पुढे ढकलणे हा उपाय नव्हे.

अर्ध्या तासाचा अडसर

जागा वाचवण्यासाठी बिले दिवसाच्या बेरजेत गोळा करून मूळ ओळी पुसल्या असतील, आणि तो दिवस यूटीसीचा असेल, तर भारतीय दिवस परत मिळत नाही. तासाच्या बेरजाही पुरत नाहीत. आपली मध्यरात्र यूटीसीच्या १८:३० ला, म्हणजे तासाच्या ऐन मध्यावर पडते, आणि १८ ते १९ या तासातले अर्धे पैसे आजचे, अर्धे उद्याचे. बेरजा ठेवायच्याच असतील तर अर्ध्या तासाच्या ठेवा.

नेटवर्क गेल्यावर टॅबलेटवर बिल काढणाऱ्या शॅकची (किनाऱ्यावरच्या खानावळीची) अडचण निराळी. तिथे दोन वेळा असतात, बिल काढल्याची आणि सर्व्हरवर पोचल्याची. रिपोर्ट पहिल्यावर हवा. त्यासाठी प्रत्येक टॅबलेटवर तारीख-वेळ आपोआप घेण्याचे सेटिंग चालू ठेवा, आणि दोन वेळांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर असलेल्या बिलांची वेगळी यादी काढा.

लंडनच्या कार्यालयाबरोबर

चार्टरचे बुकिंग पाठवणारे कार्यालय लंडनमध्ये असेल तर साडेपाच तासांचा आकडा ठोकून देऊ नका. तिथले घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जाते. २०२६ मध्ये ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. हिवाळ्यात फरक ५:३०, उन्हाळ्यात ४:३०; आणि दोन्ही रविवार गोव्याच्या पर्यटन हंगामातच येतात. ‘युरोप/लंडन’ हे नाव दिले की डेटाबेस हे स्वतः सांभाळतो. लंडनचा एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा होतो, तेव्हा त्या दोन दिवसांची तासाची सरासरी इतरांशी ताडू नका. मॉस्को २०१४ पासून वर्षभर यूटीसीच्या ३ तास पुढे आहे, तिथे फरक कायम अडीच तासांचा.

बदल लावण्याची रीत

चाचणीसाठी वरच्यासारखी सहा बिले टाका, त्यात रात्री १२:००, पहाटे ३:५९, ४:००, ५:२९ आणि ५:३० ची पाच आणखी घाला, आणि प्रत्येकाची अपेक्षित बिल दिनांक व व्यवहार दिनांक आधी कागदावर लिहून मग चालवून बघा. नवे कॉलम लावल्यावर जुना चार्ट लगेच काढू नका. एक पूर्ण महिना दोन्ही शेजारी ठेवा आणि रोजचा फरक रोजमेळावरून बिलागणिक समजावून द्या. प्रत्येक डॅशबोर्डच्या माथ्यावर एक ओळ कायमची ठेवा : ‘वेळ भारतीय, दिवस पहाटे ४ ला बदलतो’ किंवा ‘वेळ भारतीय, तारीख बिलावरची’. जुन्या महिन्यांचे आकडे बदलणार असतील तर भरलेली विवरणे त्यांच्याशी ताडायला सीएकडे आधी द्या, आणि नव्या आकड्यांचा डॅशबोर्ड त्यानंतर उघडा.